विश्लेषण : रायफलचा बोल्ट वेळेआधी का झिजतो? दोष बंदुकीचा, गोळीचा की देखभालीचा?

महापे (नवी मुंबई) : देशातील सुरक्षा दलांच्या हातातील रायफली सध्या बदलत आहेत. अनेक दशके वापरलेल्या एसएलआर आणि इन्सास मागे पडत आहेत. अमेरिकी बनावटीची सिग-७१६, अमेठीजवळ कोरवा येथे तयार होणारी एके-२०३ आणि पुण्यात विकसित झालेली ‘उग्रम’ ही नावे पुढे येत आहेत. मात्र रायफल नवी असो वा जुनी, ऐन वेळी ती चालणार की अडणार हे बऱ्याच अंशी तिच्या आतील एका छोट्या पोलादी भागावर ठरते. तो भाग म्हणजे बोल्ट. तो ठरलेल्या आयुष्याआधीच झिजू लागला तर कारण कसे शोधतात? भारतात आजवर अशा तक्रारींचे काय झाले? आणि महापेसारख्या औद्योगिक वसाहतीतील धातुतपासणीचा या प्रश्नाशी काय संबंध? याचा हा आढावा.

बोल्टचे काम नेमके काय?

सेमी-ऑटोमॅटिक रायफलमध्ये प्रत्येक गोळीसाठी ट्रिगर स्वतंत्रपणे दाबावा लागतो. मात्र रिकामी पुंगळी बाहेर टाकणे आणि पुढची गोळी चेंबरमध्ये भरणे ही कामे रायफल स्वतः करते. या सगळ्या हालचालींच्या केंद्रस्थानी बोल्ट असतो.

तो मॅगझिनमधून गोळी पुढे ढकलतो, चेंबरचे तोंड बंद करतो आणि कुलपासारखा जागेवर अडकतो. गोळी सुटल्यावर नळीतील थोडा वायू एका छिद्रातून पिस्टनकडे जातो. पिस्टन बोल्टच्या वाहकाला, म्हणजे बोल्ट कॅरियरला, मागे ढकलतो. कॅरियर बोल्टचे कुलूप उघडतो. बोल्टवरचा एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे छोटी आकडी, पुंगळी ओढून काढतो. मागची स्प्रिंग पुन्हा सगळे पुढे आणते. हे सारे सेकंदाच्या लहानशा अंशात घडते.

कुलूप लावण्याच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत. इन्सास, एके आणि सिग-७१६ मध्ये बोल्ट स्वतःभोवती थोडा फिरतो आणि त्याचे दात, ज्यांना लग म्हणतात, समोरच्या खाचांत अडकतात. एसएलआरमध्ये बोल्ट फिरत नाही. त्याचा मागचा भाग खाली झुकतो आणि एका आडव्या पोलादी आधाराला टेकतो.

त्यावर ताण किती येतो?

स्वयंपाकघरातील प्रेशर कुकरची शिट्टी होते तेव्हा आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा साधारण एका वातावरणाने जास्त असतो. ७.६२ × ५१ मिमीची गोळी सुटताना चेंबरमधील दाब वातावरणाच्या साडेतीन हजार पटींहून अधिक होतो. हा दाब पुंगळीच्या बुडावर पडतो आणि तिथून बोल्टवर येतो. पुंगळीच्या आतल्या क्षेत्रफळाचा विचार केला तर बोल्टला मागे रेटणारा जोर अडीच ते तीन टनांच्या घरात जातो. एका मोठ्या मोटारीपेक्षाही जास्त वजन लहानशा दातांवर क्षणभर आदळते, असे म्हणता येईल. आणि हे प्रत्येक गोळीला होते.

त्यामुळे बोल्टचे पोलाद वरून कडक आणि आतून चिवट लागते. गावातला लोहार विळ्याला पाणी देतो तेव्हा तोही हेच साधत असतो. धार टिकली पाहिजे, पण पाते तुटता कामा नये. बोल्टच्या बाबतीत हे ‘पाणी’ थोडे जरी चुकले, तरी परिणाम काही हजार गोळ्यांनंतर दिसतो.

झीज आणि वेळेआधीची झीज यात फरक काय?

झीज ही प्रत्येक यंत्राला होतेच. नव्या बोल्टवर पहिल्या काही शे गोळ्यांत घासल्याच्या खुणा उमटतात, वरचा काळा थर उडतो, धातू चमकू लागतो. ही भाग एकमेकांत बसण्याची प्रक्रिया असते. ती थांबते आणि मग भाग बराच काळ तसाच राहतो.

चिंता तेव्हा असते, जेव्हा झीज थांबत नाही किंवा एकाच जागी होते. एकच दात चमकतो आणि बाकीचे कोरे राहतात, कडेचा धातू चेपून बाहेर येतो, किंवा बोटाला लागेल अशी रेघ पडते. मोटारीचे चारही टायर सारखे झिजले तर ते वयामुळे असते. एकच टायर आतल्या बाजूने झिजला तर मेकॅनिक टायरकडे नाही, चाकाच्या अलाइनमेंटकडे बघतो. बोल्टची तपासणीही याच तर्काने चालते. झिजलेला बोल्ट हा बहुतेक वेळा रोग नसतो, ते लक्षण असते. नुसता बोल्ट बदलला आणि मूळ कारण तसेच राहिले, तर नवा बोल्टही त्याच वाटेने जातो.

तपासाची सुरुवात कुठून होते?

पहिला प्रश्न सूक्ष्मदर्शकाचा नसतो, तो नोंदवहीचा असतो. या रायफलमधून आजवर किती गोळ्या झाडल्या गेल्या? कोणत्या लॉटच्या? वाळूत, पावसात की समुद्रकिनारी? शेवटची स्प्रिंग कधी बदलली? याच रायफलला ही अडचण आहे की त्याच तुकडीतल्या दहा रायफलींना?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बरेच काही सांगते. एकाच रायफलला त्रास असेल तर कारण त्या रायफलच्या जोडणीत किंवा वापरात असते. एका लॉटमधल्या अनेक रायफलींना असेल तर पोलादाचा किंवा उष्णता प्रक्रियेचा संशय येतो. आणि वेगवेगळ्या वर्षी बनलेल्या रायफलींना एकाच सुमारास त्रास सुरू झाला तर नजर दारूगोळ्याकडे वळते.

यानंतर गेज लावून ‘हेडस्पेस’ मोजतात. कुलूप लागलेल्या बोल्टचे तोंड आणि चेंबरमधील गोळी टेकण्याची जागा यातले हे अंतर असते. त्यासाठी ठरावीक मापाच्या पोलादी गोळ्यांसारखी गेज असतात. एका गेजवर बोल्ट बंद झालाच पाहिजे, दुसऱ्यावर होता कामा नये. दुसऱ्यावरही तो बंद होत असेल तर झीज धोक्याच्या पातळीकडे गेली असे समजतात. एसएलआरच्या कुटुंबातील रायफलींमध्ये बोल्ट ज्यावर टेकतो तो आधार वेगळा काढता येतो आणि वेगवेगळ्या मापांत मिळतो. त्यामुळे योग्य मापाचा आधार बसवून हे अंतर पुन्हा जमवता येते. मात्र त्यासाठी आधी ते मोजलेले असावे लागते.

कोणती खूण काय सांगते?

अनुभवी आर्मोरर बोल्ट हातात घेऊन पुढील गोष्टी पाहतो :

• एकाच दातावर चमक : भार सगळ्या दातांत वाटला जात नाही. बोल्ट आणि समोरच्या खाचांची जुळणी चुकली आहे. जादा भार घेणारा दात आधी तुटण्याची शक्यता असते.

• दातांच्या कडा चेपलेल्या : पोलाद मऊ राहिले आहे किंवा हेडस्पेस वाढल्याने बोल्ट दर वेळी थोडे अंतर घेऊन आदळत आहे.

• दाताच्या मुळाशी किंवा पिनच्या छिद्राजवळ बारीक चीर : हा धातूचा थकवा. तार पुन्हा पुन्हा वाकवली की अखेर तुटते, तसेच हे होते. अमेरिकी एम-४ कार्बाइनच्या बोल्टमध्ये कॅम पिनच्या छिद्राजवळची जागा अशा चिरांसाठी ओळखली जाते, कारण तिथे धातूची भिंत सर्वांत पातळ असते.

• कॅम खाचेत ओरखडे : कुलूप फार लवकर किंवा फार जोरात उघडत आहे. वायू गरजेपेक्षा जास्त येत असल्याचा हा इशारा असतो.

• बोल्टच्या तोंडावर गोल खड्डे : गोळीच्या कॅपभोवतून तप्त वायू निसटतो आहे. गोळीचा दाब जास्त असणे किंवा कॅप सैल असणे ही नेहमीची कारणे.

• एक्स्ट्रॅक्टरची आकडी तुटलेली : पुंगळी अजून फुगून चेंबरला चिकटलेली असतानाच ती ओढली जात आहे, किंवा चेंबर गंजल्याने, घाणीने खरखरीत झाले आहे.

बोल्टइतकाच मोठा साक्षीदार म्हणजे झाडलेली पुंगळी. तिच्या बुडावर घासल्याची लकेर, फाटलेली कड, सपाट झालेली कॅप या खुणा दाब आणि वेळेची गडबड सांगतात. आपल्याकडे सरावानंतर पुंगळ्या गोळा करून हिशेबाने जमा करण्याची शिस्त आहे. म्हणजे पुरावा प्रत्येक फायरिंग रेंजवर हाती येतो. मात्र तिथला भर पुंगळ्यांच्या संख्येवर असतो. त्यांच्यावरच्या खुणा वाचणे ही वेगळी सवय आहे आणि ती लावावी लागते.

वायू जास्त झाला तर काय बिघडते?

एसएलआरमध्ये गॅस रेग्युलेटर असतो. पिस्टनकडे किती वायू जावा हे त्याने ठरवता येते. रायफल घाण झाली, थंडीत वंगण घट्ट झाले, तर थोडा वायू वाढवावा आणि साफसफाई झाली की पुन्हा कमी करावा, अशी त्यामागची कल्पना आहे. रायफल खात्रीने चालेल इतकाच वायू आणि त्यावर थोडी राखीव सवलत, हा साधा नियम.

प्रत्यक्षात अडणारी रायफल चालती करण्याचा सोपा मार्ग म्हणजे रेग्युलेटरने पिस्टनकडे जाणारा वायू पूर्ण वाढवणे. रायफल चालते, म्हणून सगळे खूश होतात. पण आता कॅरियर गरजेपेक्षा जास्त वेगाने मागे जातो, चौकटीला आदळतो, स्प्रिंग लवकर दमते आणि कुलूप उघडण्याच्या जागा चेपू लागतात. दमलेली स्प्रिंग पुढच्या धडकेला आणखी कमी अडवते. अशा रीतीने एक चूक दुसरीला जन्म देते आणि शेवटी अहवालात ‘बोल्ट निकृष्ट’ एवढेच उरते.

आणखी एक कारण सतरंजीवर घडते. साफसफाईसाठी आठ-दहा रायफली एकत्र खोलल्या आणि जोडताना एकीचा बोल्ट दुसरीत गेला, तर दिसायला काहीच फरक पडत नाही. मात्र प्रत्येक बोल्ट आपल्या रायफलशी जुळवलेला असतो. म्हणूनच त्यावर क्रमांक कोरतात. क्रमांक न जुळणारा बोल्ट सापडला तर बाकीची तपासणी करण्याआधीच निम्मे उत्तर मिळते.

रायफल तीच, गोळी बदलली तर?

याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण व्हिएतनाम युद्धातले आहे. अमेरिकेची एम-१६ रायफल एका प्रकारच्या दारूवर विकसित झाली होती. १९६४ नंतर गोळ्यांमध्ये दुसऱ्या प्रकारची, गोलसर दाण्यांची दारू वापरली जाऊ लागली. गोळीचा वेग जवळपास तोच राहिला. पण वायूच्या छिद्राजवळचा दाब वाढला, रायफलचा गोळीबाराचा वेग वाढला आणि आत काजळी अधिक साचू लागली. चेंबरला क्रोमचा मुलामा नव्हता. रायफलीला साफसफाई फारशी लागत नाही असा समजही पसरला होता. परिणामी पुंगळ्या अडकू लागल्या आणि सैनिक अडकलेल्या रायफलीसह मारले गेले. अमेरिकी काँग्रेसच्या आयकॉर्ड उपसमितीने १९६७ मध्ये दिलेल्या अहवालात दारू बदलण्याच्या निर्णयावर कठोर ठपका ठेवला. नंतर चेंबरला क्रोम आले, बफर बदलला, साफसफाईचे साहित्य आणि प्रशिक्षण दिले गेले. तीच रायफल पुढे दशकानुदशके वापरात राहिली.

भारतात याची आठवण सिग-७१६ च्या निमित्ताने झाली. फेब्रुवारी २०१९ मध्ये लष्करासह तिन्ही दलांसाठी अशा ७२,४०० रायफलींचा करार झाला. त्यानंतर स्थानिक बनावटीच्या गोळ्या वापरताना रायफल अडणे आणि जादा धक्का बसणे अशा तक्रारींच्या बातम्या आल्या. तरीही २०२४ मध्ये आणखी सुमारे ७३ हजार रायफलींची मागणी नोंदवली गेली. म्हणजे रायफल टाकून देण्यासारखी नव्हती. प्रश्न रायफल आणि गोळी यांच्या जोडीचा होता. एकाच मापाच्या दोन गोळ्या एकसारख्या असतातच असे नाही. माप म्हणजे गोळीचा आकार असतो. दारू किती वेगाने जळते, हे त्या मापात लिहिलेले नसते.

इन्सासच्या वादातून काय शिकायला मिळाले?

इन्सासचे आरेखन पुण्यातील पाषाण येथील आयुध संशोधन व विकास आस्थापनेचे, म्हणजे ‘एआरडीई’चे. उत्पादन आयुध निर्माणींचे. १९९० च्या दशकात ती सैन्यात आली. ही ५.५६ मिमीची रायफल एकेक गोळी किंवा तीन गोळ्यांचा बार करते. कारगिल युद्धात कडाक्याच्या थंडीत तिची प्लास्टिकची मॅगझिन तडकल्याच्या आणि गोळीबार करताना तेलाचे शिंतोडे डोळ्यांत उडाल्याच्या तक्रारी आल्या.

ऑगस्ट २००५ मध्ये नेपाळमधील कालिकोट जिल्ह्यात माओवाद्यांच्या हल्ल्यात नेपाळी लष्कराचे ४० हून अधिक जवान मारले गेले. लढाई लांबल्यावर इन्सास नीट चालल्या नाहीत, असे नेपाळी लष्कराने म्हटले. भारताच्या बाजूने उत्तर आले की रायफलीत दोष नसून वापर आणि हाताळणी योग्य नसावी. पुढे आपल्याकडेही नक्षलग्रस्त भागातील केंद्रीय राखीव पोलीस दलाने इन्सासऐवजी एके रायफलींना पसंती दिली.

या वादात दोन्ही बाजूंचे म्हणणे काही अंशी खरे असू शकते. दीर्घ गोळीबारात कोणतीही रायफल तापते, वंगण उडते, काजळी साचते. तशीच, वारंवार एकाच प्रकारच्या तक्रारी येणारी रायफल निर्दोष आहे असेही म्हणता येत नाही. पण ‘रायफल वाईट’ विरुद्ध ‘जवानाने नीट वापरली नाही’ हा वाद शब्दांनी सुटत नाही. त्यासाठी तुटलेला भाग, त्याच लढाईतल्या पुंगळ्या, गोळ्यांचा लॉट क्रमांक आणि रायफलची नोंदवही एका टेबलावर यावी लागते. हे चारही हाती नसले की प्रत्येक पक्ष आपापल्या सोयीचे कारण निवडतो आणि किंमत मोजतो तो रायफल धरणारा.

पोलादाचा दोष कसा पकडतात? महापेचा संबंध काय?

इतर सगळी कारणे तपासून झाल्यावर धातूची पाळी येते. आणि ही तपासणी फक्त बंदुकीसाठीची खास विद्या नाही. ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातल्या महापे, पावणे, रबाळे या भागांत यंत्रभाग, साचे, गिअर, शाफ्ट बनवणारे कारखाने आहेत. त्यांना लागणारी हीट ट्रीटमेंट, प्लेटिंग आणि धातुतपासणी याच पट्ट्यात होते. पंपाचा शाफ्ट हमीच्या काळात तुटला की दोष पुरवठादाराचा की वापरणाऱ्याचा, हा वाद इथल्या उद्योगांना नवा नाही. तो मिटवण्याची पद्धत ठरलेली आहे.

सर्वप्रथम भाग न तोडता तपासतात. त्याला चुंबकीय करून त्यावर चमकणारे लोहकण सोडतात. डोळ्याला न दिसणारी चीर असेल तर कण तिथे जमतात आणि अतिनील प्रकाशात रेघ उजळते. मग कडकपणा मोजतात. त्यानंतर भाग कापून, पॉलिश करून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात. वरचा कडक थर किती खोल आहे, तो सगळीकडे सारखा आहे का, पोलादाची अंतर्गत रचना योग्य आहे का, हे तिथे कळते.

तुटलेला पृष्ठभाग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की तो स्वतःची गोष्ट सांगतो. समुद्रकिनाऱ्यावर ओहोटीच्या पाण्याने सोडलेल्या रेघांसारख्या ओळी दिसल्या तर भाग हळूहळू, थकव्याने तुटला. सगळीकडे बारीक खळगे असतील तर एकाच जोरदार धक्क्याने तुटला. कणांच्या सीमांवरून तुटल्यासारखा दिसला तर प्लेटिंग किंवा आम्लात धुताना पोलादात हायड्रोजन शिरल्याचा संशय येतो. त्यावर उपायही जुना आणि स्वस्त आहे : प्लेटिंगनंतर भाग लगेच सुमारे २०० अंश सेल्सिअसवर काही तास भाजणे. घाईत हा टप्पा गाळला तर भाग तपासणीत पास होतो आणि नंतर अचानक तुटतो.

मग अशा कार्यशाळेत रायफलचा बोल्ट का नेता येत नाही?

कारण कायदा. शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये शस्त्राच्या व्याख्येत त्याचे सुटे भागही येतात. कलम ५ नुसार शस्त्र बनवणे, दुरुस्त करणे, तपासणे यासाठी परवाना लागतो. शस्त्र नियम, २०१६ नुसार सेमी-ऑटोमॅटिक बंदुका आणि सैनिकी ७.६२ मिमी गोळी झाडू शकणाऱ्या रायफली सर्वाधिक निर्बंधांच्या पहिल्या श्रेणीत आहेत. त्यामुळे परवाना नसलेल्या कार्यशाळेने केवळ तंत्र येते म्हणून बोल्टला हात लावणे हा गुन्हा ठरू शकतो. हे निर्बंध योग्यच आहेत.

मात्र सरकारी यंत्रणेने अधिकृत मार्गाने बाहेरची तपासणी वापरण्यास वाव आहे. केंद्राने मे २०२० मध्ये संरक्षण चाचणी पायाभूत सुविधा योजना आणली. चार शे कोटी रुपयांच्या या योजनेत खासगी उद्योगांच्या भागीदारीतून चाचणी केंद्रे उभारण्यासाठी ७५ टक्क्यांपर्यंत अनुदान देण्याची तरतूद करण्यात आली. देशातील दोन संरक्षण कॉरिडॉर उत्तर प्रदेश आणि तमिळनाडूत आहेत. महाराष्ट्रात मात्र पाषाणची एआरडीई, खडकी आणि वरणगावचे दारूगोळा कारखाने आणि अंबरनाथची आयुध निर्माणी एवढे जाळे आधीपासून आहे.

पोलिसांच्या रायफलींचे दुखणे वेगळे का?

सैन्यातली रायफल जास्त वापराने झिजते, पोलिसांची अनेकदा कमी वापराने बिघडते. २६/११ च्या हल्ल्यात एके-४७ घेऊन आलेल्या दहशतवाद्यांसमोर मुंबईतील अनेक पोलिसांच्या हाती लाठी किंवा .३०३ रायफल होती. त्यानंतर नेमलेल्या राम प्रधान समितीने दारूगोळ्याच्या तुटवड्यामुळे पोलिसांचा गोळीबाराचा सराव होत नसल्याकडे लक्ष वेधले होते.

सराव नाही म्हणजे नेमबाजी कच्ची राहते, हे सर्वांना कळते. दुसरा परिणाम कमी लक्षात येतो : न झाडलेल्या रायफलीतला दोषही दिसत नाही. मुंबई-नवी मुंबईसारख्या खाडीकाठच्या हवेत चार महिन्यांचा पाऊस आणि खारट ओलावा असतो. शस्त्रागारात उभ्या रायफलीच्या चेंबरमध्ये गंजाचे बारीक ठिपके पडतात. चेंबर खरखरीत झाले की पुंगळी चिकटते आणि सगळा ताण एक्स्ट्रॅक्टरच्या आकडीवर येतो. वरून रायफल तेल लावून चकचकीत दिसते. चकाकीसाठी पॉलिश पेपर मारला असेल तर संरक्षक थरही गेलेला असतो आणि गंज आणखी लवकर धरतो.

अशी रायफल तपासणीच्या दिवशी उत्तम दिसेल. ती चालते की नाही हे कळण्याचा दिवस मात्र नाक्यावर उभ्या असलेल्या शिपायाच्या वाट्याला येईल.

हा प्रश्न आताच महत्त्वाचा का?

कारण जबाबदारीची रचना बदलली आहे. १ ऑक्टोबर २०२१ पूर्वी रायफल आणि गोळी दोन्ही आयुध निर्माणी मंडळ बनवत असे. मंडळ बरखास्त होऊन सात सरकारी कंपन्या झाल्या. छोटी शस्त्रे कानपूरच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया’कडे, दारूगोळा पुण्यातल्या ‘म्युनिशन्स इंडिया’कडे गेला. एके-२०३ साठी भारत-रशिया संयुक्त कंपनी आहे. सहा लाखांहून अधिक रायफलींचा हा करार डिसेंबर २०२१ मध्ये झाला. सुमारे ४.२५ लाख सीक्यूबी कार्बाइनच्या खरेदीत पुण्याच्या भारत फोर्जची बोली सर्वांत कमी ठरल्याचे २०२५ मध्ये समोर आले. एआरडीई आणि हैदराबादच्या द्वीपा आर्मर या खासगी कंपनीने मिळून बनवलेली ७.६२ × ५१ मिमीची ‘उग्रम’ ८ जानेवारी २०२४ रोजी पुण्यात सादर झाली. निमलष्करी आणि राज्य पोलीस दलेही तिची संभाव्य ग्राहक आहेत.

म्हणजे यापुढे रायफल एकाची, गोळी दुसऱ्याची, दुरुस्ती तिसऱ्याची असे चित्र असेल. उद्या बोल्ट वेळेआधी झिजला तर रायफल कंपनी गोळीकडे बोट दाखवेल, गोळी कंपनी देखभालीकडे आणि देखभाल करणारा रायफलीकडे. करारातील हमीचे कलम तेव्हाच कामाला येईल, जेव्हा कारण सिद्ध करता येईल.

काय करता येईल?

यातली पहिली पावले खर्चिक नाहीत. प्रत्येक रायफलीची स्वतंत्र नोंद हवी : किती गोळ्या, कोणता लॉट, कोणता भाग कधी बदलला. मोबाइलवर वाहनाच्या सर्व्हिसिंगचा इतिहास दिसू शकतो, तर क्यूआर कोड लावून रायफलीचाही शस्त्रागारातल्या सुरक्षित संगणकावर दिसू शकतो. ठरावीक गोळ्यांनंतर हेडस्पेस मोजणे आणि स्प्रिंग बदलणे बंधनकारक हवे. सरावानंतर जमा होणाऱ्या पुंगळ्यांतील काही नमुने तपासले जावेत. नवी रायफल स्वीकारताना, ती प्रत्यक्षात ज्या कारखान्याची गोळी झाडणार आहे त्याच गोळीवर तिची सहनशक्ती चाचणी व्हावी.

आणि सर्वांत महत्त्वाचे, तुटलेला बोल्ट भंगारात जाता कामा नये. आज आरेखन करणारी डीआरडीओ, उत्पादन करणाऱ्या सरकारी कंपन्या आणि दर्जा तपासणारे गुणवत्ता आश्वासन महासंचालनालय, तिन्ही संरक्षण मंत्रालयाच्याच छत्राखाली आहेत. तुटलेल्या भागाची तपासणी यांपैकी कुणाशीही हितसंबंध नसलेल्या प्रयोगशाळेत झाली आणि तिचा निष्कर्ष रायफल वापरणाऱ्या तुकडीपर्यंत परत पोहोचला, तर पुढची तक्रार कमी होईल. कारखान्यात शाफ्ट तुटला तर नुकसान पैशांत मोजता येते आणि तरीही त्याची चौकशी होते. बोल्ट तुटला तर समोर गोळीबार सुरू असतो. त्याची चौकशी त्याहून काटेकोर असायला हवी.